बहुअक्षीय संगणक-नियंत्रित मिलिंग यंत्रे : कार्यक्षमतेचा हिशेब

यंत्रकामाच्या कारखान्यात नवे यंत्र दाखल होते तेव्हा त्याच्याबरोबर मोठ्या अपेक्षाही दाखल होतात. पाच अक्षांच्या संगणक-नियंत्रित मिलिंग यंत्राच्या बाबतीत तर या अपेक्षा विशेषच असतात. ओबडधोबड ठोकळा यंत्रावर बांधावा आणि तयार भाग उतरवून घ्यावा, असे त्याचे चित्र कारखानदाराच्या मनात असते. हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. बँकेचे कर्ज काढून असे यंत्र आणल्यावर काही महिन्यांनी दरमहा निघणाऱ्या मालाची संख्या मोजली, तर वाढ फारच थोडी झाली आहे असे आढळणे अशक्य नाही. हप्ता मात्र ठरल्या तारखेला द्यावाच लागतो.

असे का घडते आणि ते कसे टाळता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्याचे सार थोडक्यात असे : बहुअक्षीय यंत्राची कार्यक्षमता अक्षांच्या संख्येत नसून कामाच्या आखणीत आहे. जुन्या पद्धतीचे काम नव्या यंत्रावर चढविले, तर ते अधिक महाग पडते. पद्धत बदलली तरच यंत्र आपली किंमत फेडते.

पूर्वपीठिका

संख्यात्मक नियंत्रणाचा उगम विमानविद्येच्या गरजेतून झाला. अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या ट्रॅव्हर्स सिटी येथील जॉन पार्सन्स यांच्या कारखान्यात हेलिकॉप्टरची पाती तयार होत. पात्याचा वक्राकार छेद अचूक यावा म्हणून वक्रावरील अनेक बिंदूंची स्थाने गणिताने काढून, त्या त्या बिंदूवर कर्तक नेण्याची कल्पना त्यांनी पुढे आणली. १९४९ मध्ये अमेरिकी वायुदलाने हे काम हाती घेण्यास त्यांना साहाय्य दिले आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेच्या प्रयोगशाळेने त्याला प्रत्यक्ष रूप दिले. १९५२ मध्ये तेथे तीन अक्षांचे, छिद्रित फितीवरून आज्ञा घेणारे मिलिंग यंत्र दाखविण्यात आले. पुढे याच संस्थेत डग्लस रॉस यांच्या नेतृत्वाखाली ‘एपीटी’ ही यंत्रकामाची संगणकीय भाषा तयार झाली व १९५९ मध्ये ती लोकांपुढे आली.

या इतिहासातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. यंत्राला आज्ञा देणे सोपे व्हावे म्हणून हा शोध लागला नाही. कुशल कारागिराच्या हातालाही जो आकार साधत नव्हता, तो साधावा म्हणून लागला. बहुअक्षीय यंत्राचे खरे क्षेत्र आजही तेच आहे.

अक्ष म्हणजे काय

साध्या मिलिंग यंत्रात कर्तक आणि जॉब यांची परस्पर हालचाल तीन सरळ दिशांनी होते. या दिशांना एक्स, वाय आणि झेड अशी नावे आहेत. या तिन्ही अक्षांभोवती होणाऱ्या फिरत्या हालचालींना अनुक्रमे ए, बी आणि सी म्हणतात. पाच-अक्षीय यंत्रात तीन सरळ अक्षांबरोबर यांपैकी कोणतेही दोन फिरते अक्ष असतात.

हे दोन अक्ष कोठे बसविले आहेत यावर यंत्राचा स्वभाव अवलंबून असतो. लहान व मध्यम जॉबसाठी दोन्ही अक्ष टेबलात असतात. टेबल पाळण्याप्रमाणे कलते आणि स्वतःभोवती फिरतेही. जॉब फार जड किंवा लांब असेल, तर तो हलविण्यापेक्षा स्पिंडलचे डोके कलविणे श्रेयस्कर ठरते. काही यंत्रांत एक अक्ष टेबलात व एक डोक्यात असतो. यंत्र निवडताना त्याच्या माहितीपत्रकातील वेगापेक्षा आपल्या जॉबचे वजन, उंची आणि कललेल्या अवस्थेत मिळणारी मोकळी जागा यांचा विचार आधी करणे अगत्याचे आहे.

काम करण्याच्या पद्धतीही दोन आहेत. पहिलीत फिरते अक्ष जॉबला हव्या त्या कोनात आणून ब्रेकने घट्ट अडकविले जातात आणि मग कर्तन तीन सरळ अक्षांनीच होते. हिला ‘तीन अधिक दोन’ पद्धत म्हणतात. दुसरीत पाचही अक्ष एकाच वेळी चालतात. दुसरी पद्धत डोळ्यांना अधिक चमत्कारिक वाटते; परंतु पहिलीत यंत्राचा ताठरपणा अधिक राहतो. म्हणून जादा धातू काढण्याचे भरड काम तीन अधिक दोन पद्धतीने करावे आणि वक्र पृष्ठभागाच्या शेवटच्या सफाईसाठीच पाचही अक्ष एकदम चालवावेत, हा सर्वसाधारण नियम होय.

वेळ कोठे खर्च होतो

कार्यक्षमता वाढवायची म्हटली की कर्तनाचा वेग वाढविण्याकडे पहिला हात जातो. या मोहापासून सावध राहिले पाहिजे. फ्रेडरिक टेलर यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या दीर्घ प्रयोगांतून वेग आणि हत्याराचे आयुष्य यांचा संबंध स्पष्ट झाला. कार्बाइडच्या हत्याराला सामान्यतः लागू पडणारा घातांक ०.२५ धरला, तर वेग २० टक्क्यांनी वाढविल्यास हत्याराचे आयुष्य निम्म्याहूनही खाली येते. कर्तनात वाचलेली मिनिटे हत्यार बदलण्यात आणि नवे हत्यार विकत घेण्यात निघून जातात.

यासाठी प्रथम वेळेचा हिशेब मांडावा. समजा, तिरप्या बाजू, खोल खाचा आणि निरनिराळ्या दिशांची भोके असलेला एक कंस तयार करावयाचा आहे आणि २० नगांची मागणी आहे. पुढील आकडे केवळ गणिताच्या सोयीसाठी धरलेले आहेत. प्रत्येक कारखान्याने आपापले आकडे त्यांच्या जागी घालावेत.

तीन-अक्षीय यंत्रावर या भागाला पाच बांधण्या लागतात. प्रत्यक्ष कर्तन ४० मिनिटांचे आहे. प्रत्येक बांधणीत जॉब चढविण्या-उतरविण्यास ४ मिनिटे, म्हणजे एकूण २० मिनिटे लागतात. प्रत्येक बांधणीची पूर्वतयारी, म्हणजे व्हाइस किंवा फिक्श्चर बसविणे, डायलने सरळ करणे, शून्यबिंदू घेणे, ही एकदाच करावी लागते व तिला ६० मिनिटे लागतात. पाच बांधण्यांची ३०० मिनिटे २० नगांवर वाटली की दर नगास १५ मिनिटे येतात. एकूण ७५ मिनिटे.

पाच-अक्षीय यंत्रावर दोनच बांधण्या लागतात. कर्तन आहे तसेच ४० मिनिटे धरू. चढविण्या-उतरविण्यास ८ मिनिटे, टेबल फिरण्यास व अडकण्यास २ मिनिटे. पूर्वतयारी अधिक काळजीची असल्याने दर बांधणीस ९० मिनिटे, म्हणजे १८० मिनिटे २० नगांवर वाटून ९ मिनिटे. एकूण ५९ मिनिटे. बचत १६ मिनिटांची, म्हणजे सुमारे २१ टक्क्यांची झाली.

येथपर्यंत सर्व ठीक दिसते. परंतु नव्या यंत्राचा तासाचा खर्च जुन्याच्या दुप्पट असेल, तर ही ५९ मिनिटे जुन्या यंत्राच्या ११८ मिनिटांइतकी महाग पडतात. खर्च दीडपट धरला तरी ती साडेअठ्ठ्याऐंशी मिनिटांच्या बरोबरीची होतात. जुन्या ७५ मिनिटांपेक्षा दोन्ही आकडे मोठेच आहेत. याचा अर्थ, केवळ बांधण्या कमी झाल्याने या कारखानदाराचा तोटाच झाला. काम लवकर झाले, पण महाग झाले.

हा तोटा भरून काढण्याचे तीन मार्ग आहेत : कर्तनाचा वेळ घटविणे, पूर्वतयारी यंत्राबाहेर नेणे आणि यंत्र अधिक तास कामात ठेवणे. त्यांचा क्रमाने विचार करू.

कर्तक कलविण्याचे फायदे

तिरप्या किंवा वक्र पृष्ठभागाची सफाई तीन-अक्षीय यंत्रावर गोल तोंडाच्या कर्तकाने करावी लागते. या कर्तकाचा एक जन्मजात दोष आहे. त्याच्या टोकाच्या मध्यबिंदूशी फिरण्याचा वेग शून्य असतो. तेथे धातू कापला जात नाही, रगडला जातो. १० मिलिमीटर व्यासाचा असा कर्तक उभा धरून ०.२ मिलिमीटर खोलीचा काप घेतला, तर प्रत्यक्ष कापणारा सर्वांत मोठा व्यास २.८ मिलिमीटरच भरतो. मिनिटाला १०,००० फेऱ्या असल्या तरी कर्तनवेग मिनिटाला सुमारे ८८ मीटरच्या वर जात नाही. तोच कर्तक १५ अंशांनी कलविला की प्रत्यक्ष व्यास ५.२ मिलिमीटरच्या आसपास जातो, वेग मिनिटाला १६० मीटरच्या वर चढतो आणि निर्जीव मध्यबिंदू कामातून बाजूला होतो. स्पिंडलचा वेग तोच, हत्यार तेच. फरक फक्त कोनाचा.

दुसरा फायदा याहून मोठा आहे. गोल कर्तकाच्या दोन लगतच्या फेऱ्यांमध्ये धातूचा एक बारीक कंगोरा शिल्लक राहतो. त्याची उंची जवळजवळ फेऱ्यांमधील अंतराच्या वर्गाला त्रिज्येच्या आठपटीने भागून येते. कंगोरा ०.००५ मिलिमीटरहून उंच नसावा अशी अट असेल, तर १० मिलिमीटर व्यासाच्या गोल कर्तकाच्या दोन फेऱ्यांत सुमारे ०.४५ मिलिमीटर अंतर ठेवता येते. त्याऐवजी २० मिलिमीटर व्यासाचा सपाट तोंडाचा कर्तक पुढे जाण्याच्या दिशेत ५ अंश कलवून चालविला, तर पृष्ठभागावर उमटणारा त्याचा परिणाम सुमारे ११५ मिलिमीटर त्रिज्येच्या गोल कर्तकासारखा होतो. आता तेच अंतर सुमारे २.१ मिलिमीटर ठेवता येते. फेऱ्यांची संख्या जवळजवळ पाचपटीने घटते आणि सफाई तितकीच राहते.

मात्र ही युक्ती सपाट व बहिर्वक्र पृष्ठभागालाच सरसकट लागू पडते. पृष्ठभाग आतून वळलेला असेल, तर कर्तकाची मागची कड धातूत रुतते. तेथे कलाचा कोन वाढवावा लागतो, लहान कर्तक घ्यावा लागतो किंवा गोल कर्तकाकडेच परतावे लागते.

आखूड हत्याराचे महत्त्व

खोल खाचेच्या तळाशी पोहोचण्यासाठी तीन-अक्षीय यंत्रावर लांब हत्यार लावावे लागते. लांब हत्यार वाकते, कापते आणि त्याचा कंप पृष्ठभागावर लाटांसारखा उमटतो. मग कारागीर नाइलाजाने सरकवेग कमी करतो. येथे वेळेचा मोठा अपव्यय होतो आणि तो कोणत्याही हिशेबात वेगळा दिसत नाही. तो कर्तनाच्या वेळेतच दडून बसतो.

एका टोकाला धरलेल्या दांड्याचे वाकणे त्याच्या बाहेर आलेल्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि व्यासाच्या चौथ्या घातांकाच्या प्रमाणात घटते. लांबी निम्मी केली तर तेवढ्याच जोराखाली वाकणे एक अष्टमांश होते. कर्तक किंवा जॉब कलवून हत्यारधारकाला भिंतीपासून दूर नेता आले, की तेच काम आखूड हत्याराने होते. बहुअक्षीय यंत्राचा सर्वांत भरवशाचा लाभ हाच होय. त्यासाठी पाचही अक्ष एकदम चालविण्याचीही गरज नसते; तीन अधिक दोन पद्धतीने तो मिळू शकतो.

कामाची आखणी करणाराने म्हणून प्रत्येक कापासाठी एक प्रश्न विचारावा : या कोनापेक्षा दुसऱ्या एखाद्या कोनातून आलो, तर हत्यार आखूड करता येईल काय? हा प्रश्न न विचारता जुन्याच हत्यारांची यादी नव्या यंत्राच्या साठ्यात भरली, तर कर्तनाची ४० मिनिटे ४०च राहतात. वरील उदाहरणात तो विचारून कलाचा व आखूड हत्याराचा लाभ घेतला आणि कर्तन २४ मिनिटांवर आले असे धरले, तर दर नगाचा वेळ ४३ मिनिटे होतो. दीडपट दराने ही साडेचौसष्ट मिनिटे झाली. येथे प्रथमच ७५ मिनिटांच्या खाली उतरता आले.

पूर्वतयारी यंत्राबाहेर

महाग यंत्र उभे करून त्यावर फिक्श्चर जुळवीत बसणे, यासारखा दुसरा अपव्यय नाही. जे जे यंत्राबाहेर करता येईल ते ते बाहेरच करावे. हत्याराची लांबी व व्यास वेगळ्या उपकरणावर मोजून ठेवावा. जॉब बांधण्यासाठी एकसारखे आधारतळ वापरावेत, म्हणजे तळावर बांधून ठेवलेला जॉब यंत्रावर नेमक्या जागी येऊन बसतो. स्पिंडलमध्ये बसणारी स्पर्शशलाका असेल, तर शून्यबिंदू आणि जॉबचा किंचित तिरपेपणा यंत्र स्वतःच शोधून घेते.

आपल्या उदाहरणात पूर्वतयारीचा यंत्रावरील वेळ ९० मिनिटांवरून ३० मिनिटांवर आणला, तर दर नगास ३ मिनिटेच पडतात आणि एकूण वेळ ३७ मिनिटे होतो. आता दुप्पट दर धरला तरी हिशेब ७४ मिनिटांचा येतो, म्हणजे जुन्या यंत्राच्या बरोबरीला पोहोचतो. मागणी २० ऐवजी तीनच नगांची असेल, तर फरक अधिकच ठळक होतो. जुन्या यंत्रावर दर नगास १६० मिनिटे पडतात. नव्यावर सर्व सुधारणांनंतर ५४ मिनिटे, म्हणजे दुप्पट दरानेही १०८ मिनिटे. यावरून निष्कर्ष निघतो तो असा, की बहुअक्षीय यंत्राचे सामर्थ्य एकाच भागाच्या हजारो नगांत नाही. ते लहान लहान आणि विविध मागण्यांत आहे. ज्याच्याकडे वर्षभर एकच साधा भाग मोठ्या संख्येने चालतो, त्याने हे यंत्र घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

अचूकतेची दुसरी बाजू

बांधण्या कमी झाल्याने वेळेइतकाच लाभ अचूकतेतही होतो. जॉब सोडून पुन्हा बांधला की थोडी चूक शिरतेच. चार वेळा पुन्हा बांधताना दर वेळी ०.०२ मिलिमीटर चूक धरली, तर सर्व चुका एकाच दिशेने पडल्यास ०.०८ मिलिमीटर फरक होतो. शिवाय पाचव्या बांधणीत नग बाद झाला, तर आधीच्या चारही बांधण्यांचे श्रम त्याच्याबरोबर वाया जातात.

परंतु फिरते अक्ष आपल्या स्वतःच्या चुकाही बरोबर आणतात. फिरण्याच्या केंद्रापासून २०० मिलिमीटर अंतरावर केवळ १० विकला इतकी कोनाची चूक ०.०१ मिलिमीटरची सरळ चूक होऊन बसते. टेबलाच्या फिरण्याचे केंद्र नियंत्रकात नोंदलेल्या जागेपासून किंचित सरकले, तर एका कोनात बरोबर असलेले भोक दुसऱ्या कोनात चुकते. यंत्र ढकलले गेले किंवा धडकले की हे केंद्र पुन्हा तपासलेच पाहिजे. टेबलावर अचूक गोळा बसवून निरनिराळ्या कोनांत तो स्पर्शशलाकेने मोजणे, ही त्याची सोपी रीत आहे. ही तपासणी ठरावीक दिवशी करून तिची नोंदवही ठेवावी.

उष्णतेकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. पोलादाच्या ५०० मिलिमीटर लांबीचे तापमान १० अंशांनी वाढले, तर लांबी जवळजवळ ०.०६ मिलिमीटरने वाढते. सकाळी थंड यंत्रावर घेतलेला शून्यबिंदू दुपारी तसाच राहत नाही. म्हणून अचूक कामापूर्वी स्पिंडल व अक्ष काही काळ मोकळे चालवून यंत्र स्थिर तापमानास आणण्याची सवय ठेवावी.

आज्ञावली

पाच-अक्षीय कामात आज्ञावली हाताने लिहिणे बहुधा शक्य होत नाही. संगणकावर भागाच्या आकृतीवरून कर्तकाचा मार्ग काढला जातो आणि पोस्ट-प्रोसेसर नावाचा दुवा त्या मार्गाचे विशिष्ट यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो. हा दुवा सदोष असेल, तर उत्तम यंत्रही अडखळते. यंत्र खरेदी करतानाच तो तपासून, प्रत्यक्ष जॉब काढून दाखविण्याची अट घालावी.

हत्यारटोकाचे नियंत्रण ही सोय पाच-अक्षीय कामाचा कणा आहे. फिरते अक्ष कसेही वळले तरी कर्तकाचे टोक जॉबवरील ठरलेल्या बिंदूवरच राहावे, याची काळजी नियंत्रक घेतो. फानुक नियंत्रकात ‘जी ४३.४’, सीमेन्समध्ये ‘ट्राओरी’ आणि हायडेनहाइनमध्ये ‘एम १२८’ या आज्ञांनी ती चालू होते. ही सोय असली की जॉब थोडा इकडेतिकडे बांधला गेला किंवा हत्याराची लांबी बदलली, तरी सारी आज्ञावली नव्याने काढावी लागत नाही.

एक अडचण मात्र आज्ञावलीकाराने ओळखून ठेवावी. कर्तकाची दिशा टेबलाच्या फिरण्याच्या अक्षाला जवळजवळ समांतर झाली, की दिशेत केसभर बदल करण्यासाठीही टेबलाला मोठा फेरा घ्यावा लागतो. त्या क्षणी कर्तकाचा सरकवेग एकदम खाली येतो आणि पृष्ठभागावर डाग उमटतो. जॉब काही अंश तिरपा बांधणे किंवा कर्तकाचा कल बदलणे, हा त्यावरील उपाय होय.

धडकेचा धोका हा या यंत्रांचा सर्वांत महाग धोका. कललेले टेबल आणि फिरते डोके एकमेकांवर केव्हा येतील, हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही. संपूर्ण यंत्र, फिक्श्चर, हत्यारधारक आणि हत्याराची खरी लांबी यांसह संगणकावर चाचणी घेतल्यावाचून नवी आज्ञावली यंत्रावर चढवू नये. चाचणीतील हत्यार आखूड आणि प्रत्यक्षातील लांब, एवढी एक विसंगती स्पिंडलची बेअरिंगे निकामी करण्यास पुरेशी आहे.

यंत्राचे तास

तिसरा मार्ग यंत्र कामात ठेवण्याचा. तासाचा दर ही काही आकाशातून पडलेली संख्या नव्हे. समजा, हप्ता, व्याज, घसारा आणि विमा मिळून वर्षाचा ठाम खर्च २० लाख रुपये आहे. यंत्र वर्षाला २,००० तास चालले, तर दर तासावर १,००० रुपये बसतात. ४,००० तास चालले तर ५००. मजुरी, वीज व हत्यारे यांचे ६०० रुपये धरले, तर तासाचा दर १,६०० वरून १,१०० रुपयांवर येतो. जुन्या यंत्राचा दर ८०० रुपये असेल, तर पहिला दर दुप्पट आणि दुसरा दीडपटीहूनही कमी ठरतो. मात्र पद्धत न बदलता केवळ दुसरी पाळी सुरू केली, तर मूळची ५९ मिनिटे या कमी दरानेही सुमारे ८१ मिनिटांची होतात. तिन्ही मार्ग एकत्र चोखाळावे लागतात, ते यासाठीच.

येथे ‘चालणे’ या शब्दाचा अर्थ नीट ठरविला पाहिजे. यंत्राचा दिवा हिरवा असणे वेगळे आणि कर्तक धातूत असणे वेगळे. एक आठवडाभर दर पाळीत कर्तन, हत्यारबदल, बांधणी, मोजमाप आणि वाट पाहणे यांची मिनिटे साध्या वहीत लिहून काढावीत. या वहीइतका स्पष्टवक्ता सल्लागार दुसरा नाही.

मनुष्यबळ आणि प्रशिक्षण

या यंत्रांनी कारागिराची गरज संपेल, ही समजूत चुकीची आहे. जॉब कोठे धरला असता वाकणार नाही, कोणत्या आवाजावरून हत्यार बोथट झाल्याचे ओळखावे, ओतीव कामात कोठे कठीण गाठ असण्याचा संभव आहे, हे ज्ञान जुन्या मिलिंग कारागिराच्या हातात व कानात असते. संगणकापुढे बसलेल्या तरुणाजवळ ते नसते. त्या तरुणाजवळ आकृती आणि आज्ञावली असते. या दोघांना आखणीच्या टेबलाशी एकत्र बसविणारा कारखाना पुढे जातो. जुन्या कारागिराला बाजूला सारणारा कारखाना त्याच्या अनुभवाची किंमत मोडलेल्या हत्यारांत मोजतो.

आपल्या परिसराला यंत्रकामाची परंपरा नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या उद्योगाची सुरुवात १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून केली. आज त्याच बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम व यंत्रकामाचे कारखाने आहेत आणि जिल्ह्यातील हत्तरगी येथील विशेष आर्थिक क्षेत्रात विमानांचे सुटे भाग तयार होतात. वडोदरा येथे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सी-२९५ विमानांच्या जोडणीच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. विमानाचे भाग म्हणजे विविध आकार, थोडी संख्या आणि कडक अचूकता. वरील हिशेबात बहुअक्षीय यंत्राला अनुकूल ठरलेले काम नेमके याच जातीचे आहे.

प्रशिक्षणाच्या सोयीही जवळपास उपलब्ध आहेत. हैदराबाद येथील केंद्रीय साधन अभिकल्प संस्था १९६८ पासून या क्षेत्रात काम करीत आहे. इंदूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे इंडो-जर्मन टूल रूम आहेत, तर बेळगावात कर्नाटक शासनाच्या टूल रूम व प्रशिक्षण केंद्राची शाखा आहे. यंत्राची मागणी नोंदविण्यापूर्वीच दोन माणसे प्रशिक्षणास पाठविणे हिताचे ठरते. यंत्र आल्यानंतर पाठविलेली माणसे शिकून परत येईपर्यंत हप्ते थांबत नाहीत.

समारोप

सारांश, बहुअक्षीय यंत्र घेऊ इच्छिणाऱ्या कारखानदाराने पुढील क्रम ठेवावा. प्रथम आपल्या कामाची वही तपासून कोणत्या भागांना तीनहून अधिक बांधण्या लागतात ते पाहावे. त्यांपैकी तीन-चार भाग निवडून वर दाखविल्याप्रमाणे मिनिटांचा आणि दराचा हिशेब मांडावा. जुन्या पद्धतीनेच काम केल्यास काय होईल आणि पद्धत बदलल्यास काय होईल, हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत. शक्य असल्यास त्यांतील एक भाग बाहेरच्या यंत्रावर मजुरी देऊन काढून पाहावा. एवढे झाल्यावर आकडे अनुकूल असतील, तर यंत्र जरूर घ्यावे. प्रतिकूल असतील, तर आहे त्या तीन-अक्षीय यंत्रावरच चांगली फिक्श्चरे, आखूड हत्यारे आणि बाहेर केलेली पूर्वतयारी यांनी पुष्कळ वेळ वाचविता येतो. आणि हा वेळ कर्जावाचून मिळतो.